श्रवण : सामान्य

१२ जानेवारी

ताई, नमस्कार.

तुम्ही गेलात त्याला आज आठ दिवस झाले. शाळेतल्या मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी आमच्या गावी आलात आणि विश्रामगृह सोडून तीन दिवस भावाकडे राहिलात, त्यामुळे घराला जरा वळण लागलं. तुम्ही उंचीप्रमाणे लावलेले डबे अजून तसेच उभे आहेत. हे म्हणतात, फार तर रविवारपर्यंत.

लिहिण्याचं कारण आमची भिंगरी. काल मुख्याध्यापिकांनी मला पडद्यांच्या दुकानातून, शिवण अर्धवट टाकून बोलावून घेतलं. म्हणाल्या, तिसरीत ती अजिबात ऐकत नाही. सांगितलं एक की करते भलतंच, विचारलं की नुसती हसते. एक मार्चपासून तिला तळमजल्यावरच्या वर्गात घालणार आहेत, मागे पडलेल्या मुलांच्या. मी म्हटलं, "बाई, तिला ऐकूच येत नसेल तर?" त्यांनी कपाटातून तिचं आरोग्य कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. उंची, वजन, दात, डोळे, आणि शेवटच्या ओळीत तुमच्या अक्षरात, श्रवण : सामान्य. खाली तुमची सही. "तुमच्याच नणंदबाईंनी तपासलंय," म्हणाल्या, "आणखी काय हवं?"

तळमजल्यावरून परत वर आलेलं मूल या शाळेत कुणी पाहिलेलं नाही, ताई.

राग मानू नका. तिला एकदा पुन्हा तपासाल का?

तुमची वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. डबे रविवारनंतरही तसेच राहिले पाहिजेत.

आता भिंगरीचं. तुमच्या शाळेत मी दोनशे चौदा मुलं तपासली. बावीस वर्षं हेच करते आहे. चित्रकलेची खोली घ्यायची, दार लावायचं, पंखा बंद करायचा. मुलाला समोर बसवून कानांवर हेडफोन चढवायचा, यंत्रातून एका कानात बारीक स्वर सोडायचा. ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. तीन स्वर, दोन कान, मुलामागे दोन मिनिटं. आमच्यातल्या काही जणी बटणं दाबतात आणि खाली मान घालून वहीत खुणा करत सुटतात. मी तसलं काम करत नाही. बटण दाबलं की मान वर करून मुलाच्या तोंडाकडे बघते. लबाडी तोंडावर दिसते. लक्ष नसेल तर तिथल्या तिथे दटावते. भिंगरी पहिल्या स्वराला इकडेतिकडे बघत बसली होती. दटावल्यावर सहाच्या सहा वेळा तिने झटकन हात वर केला.

तीन दिवसांत तुझ्या घरी जे पाहिलं तेही सांगते. बंडूने हाक मारली की ती धावत येते. तू मारलीस की येत नाही. बापासाठी एक कान आणि आईसाठी दुसरा, असं कुठे असतं का? तू चार वेळा गोड बोलून सांगतेस आणि पाचव्या वेळी स्वतः उठून करतेस. ते तिला पक्कं ठाऊक आहे. मूल लाडावलं आहे. महिनाभर कडक वाग, सगळं ऐकू येईल.

बंडूला म्हणावं, स्वेटर घालून छापखान्यात जा.

ताई


२ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

पंधरा दिवस कडक वागले. तुमच्याइतकं जमलं नाही, पण शेजारीण विचारायला आली की घरात काही झालंय का. भिंगरी रडते, आणि मग विचारते की आपलं काय चुकलं. ते नाटक नाही. तिला खरंच माहीत नसतं.

म्हणून मी नीट बघायला लागले. परवा मी मशीनवर पडदा शिवत होते आणि ती पाठीमागे फरशीवर चित्र काढत बसली होती. मी मशीन थांबवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "भिंगरी, गोळी हवी?" काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. ताई, तुम्ही तिला हट्टी म्हणा, लाडावलेली म्हणा, पण गोळी सोडून देणारी ती नव्हे. मग मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि तेच म्हटलं, फक्त ओठ हलवून. आवाज काढलाच नाही. ती म्हणाली, "दोन."

त्यानंतर माझं मशीनकडे लक्ष लागेना.

ह्यांच्या हाकेला ती धावते हे तुमचं खरं आहे. पण ह्यांचा आवाज छापखान्यात कमावलेला आहे. हे हळू बोलले तरी समोरच्या घरातली माणसं उत्तर देतात. ह्यांना मी ओठांचं सांगितलं. एकच वाक्य बोलले, "ताई चुकायची नाही." आणि जेवायला बसले.

इस्पितळात चौकशी केली. शाळेच्या नर्सची चिठ्ठी असेल तर आठवड्यात कान तपासतात, नसेल तर नंबर जूनमध्ये. कार्ड बघून खिडकीवरचा माणूस म्हणाला, सामान्य लिहिलंय, मग घाई कसली? मला तुमची चिठ्ठी हवी आहे. मार्च जवळ आला.

तुमची वहिनी


८ फेब्रुवारी

वहिनी,

ओठांचा खेळ सगळी मुलं खेळतात. चित्र काढणाऱ्या मुलाला हाक ऐकू येत नाही, हेही नवीन नाही. बंडूलाही येत नसे, आणि त्याचे कान आज ठणठणीत आहेत.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. तुमचं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं की मुलगी गोड आहे पण शिस्त नाही. ते तुझ्यापर्यंत पोचलं आणि तू अकरा वर्षं पोटात ठेवलंस, हे मला माहीत आहे. त्याचं उट्टं माझ्या कामावर काढू नकोस. कार्डावरचं अक्षर मी ओळखीच्या मुलासाठी आजवर बदललेलं नाही. सख्ख्या भाचीसाठी बदललं तर उद्या प्रत्येक आई दारात उभी राहील.

चिठ्ठी मिळणार नाही. मुख्याध्यापिकांना एक महिना मुदत मागून बघ, हवं तर माझं नाव सांग.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

उट्ट्याचं नंतर बोलू. ते आहे, मी नाही म्हणत नाही.

काल भिंगरीला समोर बसवलं आणि विचारलं. जसं बोलली तसं लिहिते, एक शब्द वाढवलेला नाही.

"आत्याने कानाला ते लावलं तेव्हा आवाज कसा येत होता?"

"नव्हता येत. एकदा आला, जरासा."

"मग हात कसा वर केलास?"

"आत्या वर बघते ना. आत्याने वर बघितलं की करायचा."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. रांगेत पुढचे मागच्यांना सांगतात. नाही केला तर बाई ओरडतात."

आणि मग घाबरून मलाच विचारलं, "तसंच करायचं असतं ना, आई?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र पंधराला आलं. मी ते फाडायला घेतलं होतं. अर्ध्यावर थांबले, आता चिकटवून ठेवलं आहे.

सोळाला इथल्या एका शाळेत तपासणी होती. रांगेतली पहिली अकरा मुलं घेतली. यंत्राची वायर भिंतीतून काढून टेबलाखाली टाकली. प्रत्येकाच्या कानांवर हेडफोन चढवला, बटण दाबलं आणि नेहमीसारखी मान वर केली. अकरापैकी नऊ मुलांनी हात वर केला. एकीने तर "डाव्या कानात, बाई" असंही सांगितलं. दहाव्याला जांभया येत होत्या. अकरावा मुलगा म्हणाला, "बाई, हे बंद आहे." मी त्याला दटावायला तोंड उघडलं होतं, वहिनी. सवयीने.

खरं बोलणारं ते एकच मूल होतं, आणि बावीस वर्षं मी नेमक्या तसल्यांना गप्प बसवत आले.

मग वायर लावली, खुर्च्या फिरवल्या, मुलांची तोंडं भिंतीकडे केली आणि मी त्यांच्या पाठीमागे बसले. हे कुणालाही सुचलं असतं. नव्या आलेल्या मुलींना आमच्या कचेरीत शिकवतात तेव्हा पहिल्याच दिवशी सांगतात की यंत्र आणि हात मुलाला दिसता कामा नयेत. मी हात झाकत होते. तोंड झाकायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सोबत इस्पितळाची चिठ्ठी आहे, वर "तातडीचे" लिहिलं आहे. मुख्याध्यापिकांना आज रजिस्टर पत्र टाकलं. त्यात नवं कार्ड आहे. त्यावर लिहिलं आहे : आधीची चाचणी सदोष, चूक तपासणाऱ्या नर्सची, फेरतपासणी होईपर्यंत या मुलीचा वर्ग बदलू नये. त्या कुरकुर करतील. तू कार्डावर बोट ठेवून उभी राहा. खरं तर तुला हे सांगायची गरज नाही.

बाकी काय लिहावं ते मला सुचत नाही.

ताई


१८ मार्च

ताई, नमस्कार.

मुख्याध्यापिकांनी तुमचं कार्ड तीन वेळा वाचलं. मग म्हणाल्या, "असं कुणी लिहीत नाही हो स्वतःबद्दल." भिंगरी तिसरीतच आहे, पहिल्या बाकावर.

इस्पितळातलं सविस्तर लिहिते. दोन्ही कान अर्ध्याहून कमी. मोठे, जाड आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. म्हणजे ह्यांचा आवाज पोचतो आणि माझा पोचत नाही. कधीपासून ते सांगता येत नाही, बहुधा जन्मापासून. मी डॉक्टरांना विचारलं की इतकी वर्षं आम्हाला कळलं कसं नाही. ते म्हणाले, "मुलगी एवढी हुशार नसती तर दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं. ही तुमच्या तोंडावरून वाचत होती." दुसरीत पहिल्या पाचांत आली होती, ती अशी.

दहा तारखेला कानात यंत्रं बसवली. घरी आल्यावर तिने पहिली तक्रार केली ती बापाची. "बाबा, तुम्ही कायम ओरडत का असता?" हे इतके खजील झाले की आता कुजबुजतात. मला तर दुसऱ्याच माणसाशी लग्न झाल्यासारखं वाटतंय. माझ्या मशीनजवळ उभी राहून विचारते, "हे रोज असंच करतं?" आणि काल अंथरुणात विचारलं, "आई, तू मला रोज इतकं बोलायचीस?"

हो म्हटलं. सहा वर्षं मी भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होते आणि चिडत होते. दोनदा हातही उगारला. ते तुमच्या कार्डाआधीचं आहे, तेव्हा ते तुमच्या माथी नाही.

आता एक मनातलं लिहिते. तुमचं ते पत्र वाचलं तेव्हा मला आनंद झाला. दोन मिनिटं. मग लाज वाटली. उट्टं निघालं, संपलं, माझ्या बाजूने आता काही उरलेलं नाही.

म्हणूनच लिहिते. हे म्हणतात आणि मलाही वाटतं की आता हे इथेच मिटू दे. जूनमध्ये तुम्ही निवृत्त होणार. बावीस वर्षं कुणी बोट दाखवलं नाही, शेवटच्या तीन महिन्यांत कशाला? पुढची मुलं तुम्ही पाठीमागे बसून तपासालच. कचेरीत काही कळवू नका. भिंगरीचं झालं ना.

मे महिन्यात राहायला या. डबे मी हलवले आहेत, ते तुम्हाला आल्यावर दिसेलच.

तुमची वहिनी


२० एप्रिल

वहिनी,

उत्तराला महिना लागला. कामात होते.

तुझं पत्र आलं त्याच्या आधीचे वीस-बावीस दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. तीन महिने राहिलेत, पुढची मुलं नीट तपासू, झालं गेलं आपल्या मनात ठेवू. अगदी हेच शब्द. ते तुझ्या अक्षरात समोर आले तेव्हा ते कसे दिसतात ते कळलं. तू मला वाचवायला लिहिलंस. पण तळमजल्यावर बसलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलीच्या आईने ते वाचलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी कचेरीत लेखी दिलं. आमचे साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, कशाला? कुणी विचारलंय का?" मी म्हटलं, कुणी विचारत नाही म्हणूनच लेखी देते आहे. त्यांनी कागद ठेवून घेतला, पण चार दिवस शिक्का मारला नाही. चार दिवस मी रोज जाऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. माझ्या उभं राहण्याचा लोकांना त्रास होतो, हे मला माहीत आहे. पाचव्या दिवशी शिक्का पडला.

या वर्षी तपासलेल्या तीन शाळा पुन्हा केल्या. सहाशे अकरा मुलं. एक नवी नर्स सोबत दिली होती. यंत्र तिच्याकडे दिलं आणि मी दाराबाहेर बसून रांग सांभाळली. भिंगरी धरून सहा मुलं निघाली. सहाही कार्डांवर माझं "सामान्य" होतं. शिक्षकांच्या शेऱ्याची ओळ मी आजवर वाचत नसे, ती आपली नव्हे म्हणून. आता वाचली. "लक्ष नसते." "उद्धट." "सांगितलेले करत नाही." "स्वतःच्याच नादात." एकाच्या कार्डावर नुसतं "ढ" लिहिलं होतं.

मग जुनी कार्डं काढली. शाळांनी दहा वर्षांपर्यंतची ठेवली आहेत. शिक्षकांचा असला शेरा आणि खाली माझं "सामान्य", अशी एकशे तीस निघाली. सगळ्यांचे कान वाईट असतील असं नाही. काही खरोखरच उद्धट असतील. पण कोणती, ते मला सांगता येत नाही, आणि ते सांगण्यासाठीच मला नेमलं होतं. त्यांतले पुष्कळ जण आता शाळेत नाहीत. पत्ते घेतले आणि संध्याकाळी एकेका घरी जायला सुरुवात केली.

बहुतेक ठिकाणी काही निघत नाही. लोक पाणी देतात आणि संशयाने बघतात. बारा घरं झाली. तेरावं घर एका लाँड्रीच्या मागे होतं. मुलगी आता सतरा वर्षांची आहे, तिथेच इस्त्री करते. पाचवीत शाळा सुटली. आई घरी होती. मी कोण ते सांगताच तिने लगेच ओळखलं आणि खुर्ची पुढे केली. म्हणाली, "बाई, तुम्ही बरोबर लिहिलं होतंत. तिच्या बापाला वाटायचं की पोरीला ऐकू येत नाही. तुमचं कार्ड दाखवलं तेव्हा पटलं. मग त्याने तिला मारून मारून बसवलं अभ्यासाला. तरी नाहीच शिकली."

वहिनी, मी आयुष्यात पुष्कळ लोकांना पुष्कळ कडक बोलले आहे. माझ्याशी इतकं कडक कुणी बोललं नव्हतं, आणि ती बाई तर माझे आभार मानत होती.

मी म्हटलं, "कार्ड चुकीचं होतं. मी नीट तपासलं नव्हतं. तुमचं लेकरू बहुतेक पहिल्यापासून कमी ऐकतंय."

ती म्हणाली, "हे मला नका सांगू. तिला सांगा."

लाँड्रीत गेले. मुलगी इस्त्री बाजूला ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी सावकाश, एकेक शब्द करून सगळं सांगितलं. कोण मी, काय केलं, काय लिहिलं, त्याचं काय झालं. शर्टांचा ढीग मध्ये होता. तिने सगळं ऐकून घेतलं, की वाचून घेतलं, मला कळलं नाही. ती रडली नाही, चिडलीही नाही. फक्त एक प्रश्न विचारला.

"म्हणजे मी ढ नव्हते?"

"नाही."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. तिला ऐकू आलं नव्हतं म्हणून तिने विचारलं की ऐकू आलं होतं म्हणून, ते मी विचारलं नाही. ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिले. शेवटी मालक बाहेर आला आणि म्हणाला, काय चाललंय.

सोमवारी तिला इस्पितळात नेते आहे. एकशे सतरा घरं बाकी आहेत, ती जूनमध्ये संपणार नाहीत. तेव्हा मे महिन्यात माझी वाट बघू नका. भिंगरीला सांग, आत्या तिच्यावर रागावलेली नाही. समोर बसून सांग.

ताई